फ्रॉइड यांची सिगार

सिग्मंड फ्रॉइड यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी धूम्रपान सुरू केले. आधी सिगारेट, मग सिगार. वडीलही भरपूर ओढणारे. व्हिएन्नात जम बसला तसा सिगारचा आकडा दिवसाला वीसच्या घरात गेला.

पहिल्यांदा तंबाखू ओढणाऱ्याला गरगरते, मळमळते. थोड्याच दिवसांत हा त्रास थांबतो आणि माणसाला वाटते, आपल्याला आता सोसते. प्रत्यक्षात बदललेला असतो मेंदू. त्यातल्या पेशींवर ॲसिटिलकोलिन या रसायनासाठी असलेल्या रिसेप्टरवर निकोटिन जाऊन बसते, डोपामिन सुटते, बरे वाटते. निकोटिन वारंवार येत राहिले की हे रिसेप्टर बधिर होतात आणि त्यांची संख्याही वाढते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. रात्रभरात ते उतरले की बधिर रिसेप्टर जागे होतात, आणि आता ते पूर्वीपेक्षा जास्त असतात. म्हणून सकाळची पहिली सिगार सगळ्यांत छान लागते. दिवसभरातल्या पुढच्या बऱ्याचशा सिगारी फक्त चिडचिड टाळण्यासाठी असतात.

1894 च्या सुमारास फ्रॉइड यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. मित्र आणि डॉक्टर विल्हेल्म फ्लिस यांनी तंबाखू बंद करायला सांगितली. त्यांनी केलीही, पण मन उदास झाले, लिखाण अडले आणि सिगार परत आली. निकोटिन तुटल्यावर एकाग्रता जाते, हे आज कुणीही डॉक्टर सांगेल. फ्रॉइड मात्र सिगारमुळेच आपल्याला काम सुचते, असे मानत राहिले. व्यसन त्यांना अपरिचित होते असेही नाही. 1884 मध्ये कोकेनवर त्यांनी लेख लिहिला होता. मॉर्फिन सुटावे म्हणून त्यांनी सुचवलेल्या कोकेनच्या आहारी मित्र फ्लाइश्ल गेला, हेही त्यांनी पाहिले होते.

सिगारचा धूर घशाला झोंबतो, तो सहसा छातीत ओढत नाहीत. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून सावकाश मुरते. व्हेपमध्ये गणित वेगळे आहे. निकोटिन सॉल्टमुळे घसा खवखवत नाही, जास्त मात्रा सहज ओढली जाते आणि काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. शिवाय सिगार जळून संपते. व्हेपचे झुरके कोण मोजतो? कालपर्यंत पुरणारे आज पुरत नाही आणि वाढ किती झाली, हे ओढणाऱ्यालाही कळत नाही. भारतात 2019 पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, पण चोरून मिळणाऱ्या व्हेपमध्ये निकोटिन नेमके किती, याची खात्री कोण देणार?

1923 मध्ये फ्रॉइड यांच्या टाळूवर गाठ दिसली. कर्करोगाचे निदान डॉक्टरांनी सुरुवातीला त्यांच्यापासून लपवले. त्याच वर्षी सर्जन हान्स पिश्लर यांनी उजव्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढला. तोंड आणि नाक यांच्यातला पडदा गेल्याने कृत्रिम टाळू बसवावी लागली. ती टोचायची, बोलणे अस्पष्ट व्हायचे, जेवणे जिकिरीचे. सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तोंड नीट उघडेना, तेव्हा कपड्यांच्या चिमट्याने जबडा फाकवून ते सिगार ओढत.

विचार स्वच्छ राहावेत म्हणून वेदनाशामके मात्र ते शक्यतो टाळत. 1938 मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून ते लंडनला आले. अखेर वेदना असह्य झाल्या, तेव्हा त्यांच्या विनंतीवरून डॉ. मॅक्स शुर यांनी मॉर्फिन दिले. 23 सप्टेंबर 1939 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.