जेम्स कॅमेरॉन (धर्मप्रचारक)

जेम्स कॅमेरॉन (इ.स. १८०० – ३ ऑक्टोबर, इ.स. १८७५) हे मादागास्करमध्ये कार्य केलेले स्कॉटिश कारागीर व धर्मप्रचारक होते. लंडन मिशनरी सोसायटीतर्फे ते १८२६ मध्ये राजधानी आंतानानारिव्हो येथे आले. राणी पहिली रानाव्हालोना हिला उपदेशापेक्षा कारागिरीची गरज अधिक वाटे. कॅमेरॉन यांनी स्थानिक पदार्थांपासून साबण बनवून दाखवला आणि मिशनचा मुक्काम लांबला. १८३५ मध्ये राणीने प्रजेला ख्रिस्ती धर्म पाळण्यास बंदी केली; कॅमेरॉन केप वसाहतीत निघून गेले.

पुढील पाव शतकात अनेकांना देहदंड झाला. तरीही मालागासी भाषेतील बायबलच्या आधारे, परदेशी उपदेशकांवाचून, गुप्त मंडळ्या वाढत राहिल्या. १८५३ मध्ये विल्यम एलिस यांच्यासह आलेल्या कॅमेरॉन यांना तामातावे बंदरावरूनच परतावे लागले. राणी १८६१ मध्ये वारली. १८६३ मध्ये ते राजधानीत परतले, तेव्हा मागे राहिलेल्या लहानशा मंडळीचे अनुयायी हजारोंच्या संख्येत होते. फाराव्होहित्रा येथे १८४९ मध्ये चौघांना जिवंत जाळले होते. त्याच जागी कॅमेरॉन यांच्या देखरेखीखाली स्मारक चर्च उभे राहिले. बंदी घालणाऱ्या राणीच्या लाकडी राजवाड्याला दगडी भिंतींचे वेष्टनही त्यांनीच घातले, तेही १८६९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या दुसऱ्या रानाव्हालोनासाठी. आंतानानारिव्हो येथेच त्यांचे निधन झाले.