भूकंपाला आकडा देणारे रिश्टर

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि आठ ते दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर ‘रिश्टर’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तो ज्यांच्या नावावरून आला, ते चार्ल्स रिश्टर बरोबर आठ वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९८५ रोजी वारले होते.

त्यांचा जन्म २६ एप्रिल १९०० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. आई-वडील वेगळे झाल्याने आजोबांनी त्यांना वाढवले. शिक्षण भौतिकशास्त्राचे, पण १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील भूकंप प्रयोगशाळेत काम मिळाले आणि ते तिथलेच झाले. घरच्या दिवाणखान्यातही त्यांनी भूकंपमापक ठेवला होता.

तोवर भूकंपाचा अंदाज पडझडीवरून बांधत. त्यामुळे ओसाड भागातला मोठा भूकंपही लहान ठरे. रिश्टर यांनी भूकंपमापकाने काढलेल्या रेषेची उंची मोजली आणि केंद्रापासूनचे अंतर हिशेबात धरले. नोंदींमधली तफावत प्रचंड होती, म्हणून सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी लॉगॅरिदम वापरायला सुचवले. १९३५ मध्ये ही मोजपट्टी प्रसिद्ध झाली. तिच्यात एक अंक वाढला की कंपनाची उंची १० पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. हल्ली मोठ्या भूकंपांसाठी भूगर्भातील भेगेचे क्षेत्रफळ आणि सरकणे मोजणारी सुधारित पद्धत वापरतात.

मोजपट्टीवरचा आकडा म्हणजे भूकंपाची महत्ता, तर एखाद्या गावाला बसलेला हादरा म्हणजे तीव्रता. हा फरक रिश्टर आयुष्यभर समजावत राहिले. रेडिओ केंद्राची ताकद एकच असते, पण जवळच्या गावात आवाज खणखणीत येतो आणि दूरच्या गावात खरखरतो, तसेच हे.

महाराष्ट्राने हा फरक अनुभवला आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि किल्लारीचा भूकंप, दोन्हींचा आकडा सहाच्या थोडा वर. कोयनेत सुमारे १८० बळी गेले, किल्लारीत हजारो. किल्लारी भागात वस्ती दाट होती आणि जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. म्हणून भूकंपाची बातमी वाचताना आकड्याबरोबर त्याची खोली, अंतर आणि तिथली घरे कशी आहेत, हेही पाहावे. आकडा आपल्या हातात नसतो, घराची बांधणी असते.