बालगंधर्व
नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (जन्म : २६ जून १८८८, मृत्यू : १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. स्त्रीभूमिकांसाठी ते विशेष प्रसिद्ध होते.

जीवन व कारकीर्द
त्यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे झाला. बालवयातील गायन ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ असे संबोधले, असे सांगितले जाते. त्यांना भास्करबुवा बखले यांची तालीम लाभली. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. मानापमान मधील भामिनी, स्वयंवर मधील रुक्मिणी आणि एकच प्याला मधील सिंधू या त्यांच्या गाजलेल्या भूमिका होत.

केशभूषा
त्या काळी स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच रंगवीत. चंद्रपूर-गडचिरोली भागातील दंडारीतही हीच प्रथा होती. केस आखूड असलेला नट टोप घाले. केस वाढविलेला नट त्यांना गंगावन जोडून खोपा बांधी. गंगावन म्हणजे स्वतःच्या केसांत गुंफावयाची तयार वेणी. तिचा भार केसांच्या मुळांवर येतो. ती रोज घट्ट आवळल्यास कपाळालगतचे केस विरळ होतात. म्हणून ती सैल गुंफणे आणि प्रयोगानंतर काढून केस मोकळे करणे हिताचे असते. टोपाचा ताण मुळांवर तुलनेने कमी पडतो, मात्र त्याखाली घाम साचतो. बालगंधर्वांचे नऊवारी नेसणे, खोपा व गजरा यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. पुरुषाने साकारलेले हे रूप स्त्रियांनीच आदर्श मानले, हे त्यांच्या यशाचे गमक होय.

उत्तरायुष्य
वेशभूषा व नेपथ्यावर ते सढळ हाताने खर्च करीत. १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात सापडली; ते त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. प्रभातच्या धर्मात्मा (१९३५) या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. रंगभूमीवर अभिनेत्री येऊ लागल्या, बोलपटाने प्रेक्षक ओढून नेले, तरी उतारवयातही त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. गोहर कर्नाटकी या त्यांच्या मंडळीत आल्या व पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. अखेरच्या वर्षांत पाय निकामी झाल्याने त्यांना परावलंबी जीवन जगावे लागले.

सन्मान
१९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झाले.