सांखवाळच्या बागेतून निघालेला माणूस : धर्मानंद कोसंबी

आपण जगतोय ते कशासाठी, हा प्रश्न बहुतेकांना कधी ना कधी पडतो. कामाच्या रगाड्यात तो मागे पडतो आणि आपण पुढे जातो. गोव्यातल्या सांखवाळच्या एका तरुणानं मात्र तो प्रश्न सोडला नाही. पुढं पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित म्हणून जगानं ओळखलेले ते आचार्य धर्मानंद कोसंबी.

जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा. पोर्तुगीज राजवट, गावात शिक्षणाची सोय तुटपुंजी, त्यात तब्येत नाजूक. शाळा लवकरच सुटली. लहान वयात लग्न झालं आणि घरच्या नारळाच्या बागेची देखरेख अंगावर आली. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीकच होतं. आत मात्र अस्वस्थता होती. शिकायला म्हणून घराबाहेर पडायचे प्रयत्न झाले, तेही फसले. तुकारामांच्या गाथेनं धीर दिला. अशातच 'बालबोध' मासिकात गौतम बुद्धांवरचा लेख वाचायला मिळाला आणि मनानं घेतलं की याच माणसाचा विचार मुळातून समजून घ्यायचा.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागं पत्नी आणि तान्ही मुलगी होती. ही गोष्ट सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही. त्यांच्या शोधाची किंमत घरच्यांनीही मोजली.

बुद्ध समजायचा तर संस्कृत हवं, म्हणून आधी पुणं गाठलं. तिथं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग इंदूर, ग्वाल्हेर करत काशी. तिथं अन्नछत्रात जेवून अभ्यास केला. तिथून नेपाळ गाठलं, पण मनातला बौद्ध धर्म तिथं दिसला नाही, निराशाच पदरी आली. मग बोधगया, कलकत्ता आणि 1902 मध्ये श्रीलंका. तिथं अखेर पाली शिकायला मिळाली, दीक्षाही मिळाली. पुढं ब्रह्मदेशातही राहिले.

एवढं मिळाल्यावर कोणी तिथंच थांबलं असतं. कोसंबींनी पुन्हा स्वतःलाच विचारलं, हे ज्ञान कुणासाठी? 1906 मध्ये ते परत आले, संसाराशी तुटलेला धागा पुन्हा जोडला. कलकत्त्यात पाली शिकवू लागले, पण ओढ होती आपल्या माणसांपर्यंत जाण्याची. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना 50 रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहायचं आणि पुस्तकं लिहायची, एवढीच अट. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी ते स्वीकारलं.

1910 मध्ये त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात बोलावणं आलं. शाळा अर्धवट सुटलेला माणूस तिथं 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाला बसला! परतल्यावर 1912 पासून सहा वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. 1918 मध्ये पुन्हा अमेरिकेला जाताना थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेलं. घर सोडताना तान्ही असलेली ती हीच माणिक. दामोदर म्हणजे पुढं गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून गाजलेले डी. डी. कोसंबी.

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात हा पंडित शिरोड्याला उतरला आणि तुरुंगातही गेला. नंतर मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला. 'निवेदन' हे त्यांचं आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मराठीत आहेत. हार्वर्डमध्ये काम केलेला माणूस आपल्या भाषेला विसरला नाही. अखेर शरीर थकल्यावर सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं आणि 4 जून 1947 रोजी देह ठेवला.

त्यांचं आयुष्य पाहताना एक गोष्ट लक्षात राहते. वाट एका झटक्यात सापडली नाही. प्रत्येक मुक्कामावर ते थांबले, मन तपासलं, गरज पडली तिथं वाट बदलली. आपल्याला सगळं सोडून जायची गरज नाही. पण दिवसाकाठी दहा मिनिटं शांत बसून स्वतःला तोच प्रश्न विचारायला काय हरकत आहे?