पेढीवरून स्वयंपाकघरात

इटलीला जाऊन आलेली आपली मंडळी पिझ्झा-पास्त्याचं कौतुक सांगतात. पण तिथल्या गावोगावच्या चवी ज्यांनी पहिल्यांदा घरोघरी पोहोचवल्या, त्या पेल्लेग्रिनो आर्तूझींचं नाव आपल्याकडे क्वचितच ऐकू येतं. ते ना आचारी होते, ना कुणा सरदाराचे खानसामे. रेशमाचा व्यापार आणि पेढी हा त्यांचा व्यवसाय. उमेदीची वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्याविषयी अंमळ जास्तच जिव्हाळा वाटतो!

१८२० साली फोर्लिंपोपोली या लहानशा गावी एका खात्यापित्या दुकानदाराच्या घरी ते जन्मले. २५ जानेवारी १८५१ च्या रात्री दरोडेखोरांनी गावचं नाटकगृह ताब्यात घेतलं, प्रेक्षकांना ओलीस धरलं आणि श्रीमंतांची घरं लुटली. आर्तूझींचंही घर त्यातून सुटलं नाही. त्या धसक्यानं त्यांच्या बहिणीच्या मनाचा तोल गेला, तो कायमचाच. पुढच्या वर्षी कुटुंबानं गाव सोडलं आणि फ्लॉरेन्स गाठलं.

तिथे पेढी चांगली चालली. लग्न त्यांनी केलं नाही. जिथे जातील तिथलं खायचं आणि ते कसं केलं हे नीट लक्षात ठेवायचं, ही मात्र त्यांची सवय. १८५५ साली लिव्होर्नोला त्यांनी मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्यांचं दाट सूप घेतलं. रात्रभर पोटात कळा! दोष अर्थातच सुपाला. सकाळी गाडी पकडून ते फ्लॉरेन्सला परतले. नंतर कळलं, की लिव्होर्नोत कॉलरा शिरला होता आणि ज्यांच्या घरी ते उतरले होते, त्या यजमानांनाच त्यानं आधी गाठलं होतं. एखाद्यानं ते सूप जन्मात तोंडाला लावलं नसतं. यांनी ते पुन:पुन्हा करून पाहिलं, कृती लिहिली आणि वर मुभा दिली, की आपल्या गावची आवड आणि तिथे मिळणाऱ्या भाज्या पाहून हवा तो बदल खुशाल करावा.

वांग्याचीही त्यांनी अशीच कड घेतली. फ्लॉरेन्सच्या बाजारात एके काळी वांगी जेमतेम दिसत. ज्यू लोकांचं खाणं म्हणून इतर नाक मुरडत. भरली वांगी चाटूनपुसून खाणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटेल.

पुस्तक छापायला प्रकाशक मिळेना. १८९१ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी पदरमोड करून हजार प्रती काढल्या. नाव दिलं ‘पाकशास्त्र आणि उत्तम खाण्याची कला’. त्यांच्याच गावी धर्मादाय सोडतीत ज्यांना त्याच्या दोन प्रती बक्षीस लागल्या, त्यांनी त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या!

पुढे मात्र गृहिणींनी पुस्तक उचलून धरलं. ठिकठिकाणच्या बायका पत्रांतून आपल्याकडच्या कृती कळवू लागल्या. त्या घरी करून पाहायच्या आणि पसंत पडल्या तर पुढच्या आवृत्तीत घालायच्या. अशा रीतीनं ४७५ कृतींच्या ७९० झाल्या. शेवटी दर महिन्याला साजेसे दोन-दोन जेवणांचे बेतही दिले. बारा महिने एकच ताट त्यांना मंजूर नव्हतं.

चुलीशी खरं खपत होती ती दोन माणसं : आचारी फ्रान्चेस्को रुफिल्ली आणि घर सांभाळणाऱ्या मारिएत्ता साबातीनी. एका केकला आर्तूझींनी मारिएत्ताबाईंचंच नाव दिलं. १९११ साली, नव्वदाव्या वर्षी ते वारले, तेव्हा मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क त्यांनी या दोघांच्या नावे लिहून ठेवले होते.