वुडी गथ्री : आईचा आजार, मुलाचा आजार

अमेरिकन लोकगीतकार वुडी गथ्री यांचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा गावी झाला. आई नोरा जुनी गाणी गात असत. गाण्याची ओढ मुलाला त्यांच्याकडूनच लागली. पुढे नोरा यांचा स्वभाव बदलत गेला. अचानक संताप, विसरभोळेपणा, मग हातापायांना विचित्र झटके. १९१९ मध्ये थोरली बहीण क्लॅरा भाजून दगावली आणि १९२७ मध्ये वडील गंभीर भाजले. गावात नोरा यांच्याविषयी कुजबुज होतीच. आता त्यांना नॉर्मन येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. वडील टेक्ससला नातेवाइकांकडे गेले. वुडी तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे होते. ते गावातच राहिले, मिळेल ते काम करत, ओळखीच्यांच्या घरी झोपत. १९३० मध्ये आई रुग्णालयातच वारली.

नोरा यांना हंटिंग्टन आजार होता. यात मेंदूतील काही भागांतल्या पेशी हळूहळू नष्ट होतात. शरीराच्या अनैच्छिक हालचाली सर्वांना दिसतात, पण चिडचिड, नैराश्य, कामात गोंधळ ही लक्षणे त्याआधी काही वर्षेही सुरू होऊ शकतात. घरच्यांना तो स्वभावदोष वाटतो. आपल्याकडे तर कुणी बाहेरची बाधाही म्हणेल! खरे तर डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांनी या आजाराचे नेमके वर्णन १८७२ मध्येच, वयाच्या बाविसाव्या वर्षी केले होते.

वुडी मोठे झाले, देशभर भटकले, शेकडो गाणी लिहिली. चाळिशी जवळ आली तसा त्यांचाही तोल जाऊ लागला, वागणे बिघडले. लोकांना वाटले, दारूमुळे असेल. निदान १९५२ मध्ये झाले. रुग्ण व्यसनी असला की सगळी लक्षणे व्यसनाच्या खात्यावर टाकण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो. म्हणून अशा वेळी आई-वडिलांच्या आजाराची चौकशी अवश्य करावी.

१९५६ पासूनची वर्षे त्यांनी जवळजवळ रुग्णालयांतच काढली. दुसऱ्या पत्नी मार्जोरी या नर्तिका. त्यांचा घटस्फोट झालेला होता, तरीही त्या वुडी यांना रविवारी घरी आणत, मुले वडिलांसोबत असत. वाचा गेल्यावर हो-नाही लिहिलेल्या कार्डांकडे बोट दाखवून संवाद चाले. घरी असा रुग्ण असलेल्यांनी ही युक्ती जरूर लक्षात ठेवावी. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे गृहीत धरू नये.

वुडी ३ ऑक्टोबर १९६७ रोजी वारले. त्याच वर्षी मार्जोरी यांनी या आजाराच्या कुटुंबांना एकत्र आणणारी संस्था उभी केली. वुडी यांना तीन विवाहांतून आठ मुले. पहिल्या विवाहातील दोन्ही मुली, ग्वेन आणि सू, याच आजाराने वयाच्या ४१ व्या वर्षी गेल्या. मार्जोरी यांची मुले आर्लो आणि आजीचेच नाव असलेली नोरा यांना तो झाला नाही.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के असतो, आणि तो प्रत्येकासाठी स्वतंत्र मोजायचा. एका बहिणीला झाला म्हणून दुसरी सुटत नाही. ज्याच्यात सदोष जनुक नाही, त्याच्याकडून तो पुढच्या पिढीत जात नाही.

हे जनुक १९९३ मध्ये सापडले. मार्जोरी त्याआधी, १९८३ मध्येच वारल्या होत्या. आज रक्ताच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी होते. आजार थांबवणारे औषध अजून नाही. टेट्राबेनाझिनसारख्या औषधांनी हालचाली कमी होतात, गिळण्याच्या त्रासावर आणि नैराश्यावर उपचार करता येतात. त्यामुळे लक्षणे नसताना चाचणी करायची की नाही, हे ज्याचे त्यानेच, समुपदेशनानंतर ठरवायचे असते. आई-वडिलांनी, भावंडांनी किंवा होणाऱ्या सासरच्यांनी त्यासाठी आग्रह धरू नये. लक्षणे नसलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची ही चाचणी सहसा केली जात नाही.