सायकलींचे दुकानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर

गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवीत असता तेथून सायकली खरीदून बेळगावी धाडीत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकीत, दुरुस्त करीत आणि गिऱ्हाइकांना चालविण्यासही शिकवीत. हे दुकान १८८८ चे. अमेरिकेत राईट बंधूंचेही दुकान सायकलींचेच. त्यातून १९०३ साली विमान निघाले, येथून लोखंडी नांगर! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे गेली. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. बेळगावकरांस याचे शल्य वाटलेच पाहिजे. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या निवडुंगमय माळावर १९१० साली यंत्रे हलविली गेली, तीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले.